मशीन किंचाळतंय आणि पोराला पत्ताच नाही

आज डोकं खरंच फिरलं. थर्ड इयरचा पोरगा, व्हीआर हेडसेटमध्ये लेथचे (धातूचा तुकडा फिरवून टूलने कापायचं मशीन) सगळे मॉड्यूल पूर्ण, मार्क पैकीच्या पैकी. 25 मिमीचा माइल्ड स्टीलचा बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, कापायचा वेग 30 मीटर प्रति मिनिट धरला तर आरपीएम किती, त्याने तोंडी सांगितलं, साधारण 380. बरोबर! मग खऱ्या लेथवर टूल जॉबला, म्हणजे त्या बारला, टेकलं आणि मशीन किंचाळायला लागलं. चॅटर, म्हणजे कापताना होणारी थरथर. अख्खं वर्कशॉप वळून बघतंय आणि हा आपला शांतपणे फीड देतोय, टूल पुढे सरकवतोय.

मी सेकंड इयरला असताना माझंही मशीन असंच ओरडलं होतं. सरांनी फीड काढायला लावला, मला मागे घेतलं आणि म्हणाले, बघत बसू नकोस, ऐक. टूल, त्याला पकडणाऱ्या टूल पोस्टच्या बाहेर फार लांब आलं होतं. मशीन बंद केलं, टूल आत घेतलं, परत चालू केलं, आवाज एकदम सरळ, आणि हँडलची थरथर गेलेली मला तळव्याला कळली. तळव्याला! तो तळवा हेडसेटमध्ये कुठून आणणार?

हो, चक की (जॉब पकडणारा चक आवळायची चावी) चकमध्येच विसरून मशीन चालू करायची चूक हेडसेटमध्ये झालेली केव्हाही बरी, आणि हेडस्टॉकमधले, म्हणजे चक फिरवणाऱ्या पेटीतले, गिअर आतून दिसतात तेही छानच, मान्य. पण "पायलट नाही का सिम्युलेटरवर शिकत" हे कृपा करून मला सांगू नका. 1929 मध्ये एडविन लिंकने बनवलेला ट्रेनरसुद्धा भात्यांवर कलायचा, वळायचा, शिकणाऱ्याच्या अंगाला काहीतरी कळायचं. आणि तो शिकून माणूस नंतर विमानात बसायचा, आपण हेडसेट काढला की थेट सर्टिफिकेट देतो!! डायल उलटा फिरवला की आधी बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधला ढिलेपणा, निघतो, मग टूलची स्लाइड हलते, हे हाताने दहा वेळा चुकल्याशिवाय कुणाला कळलंय का?

पोरावर चिडले होते, पण त्याचं काय चुकलं? मशीनसमोर त्याला उभंच कुणी केलं नव्हतं. सरांनी मला केलं तेच केलं, मागे घेतलं, ऐक म्हटलं. टूल त्यानेच आत घेतलं, मशीन चालू केलं आणि कट लागताच म्हणाला, "मॅडम, आवाज बदलला."

उद्या पहिले दोन तास तो लेथवर आहे. हेडसेट कपाटात.