बिनबुडाचा तांब्या

लिफ्टच्या आरशावर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, चारही कोपऱ्यांना सेलोटेप लावून नोटीस चिकटवली होती. ‘सी-विंग, ७०३ यांनी स्टिल्ट पार्किंगमध्ये विनापरवाना फ्लेक्स लावून सोसायटीच्या सौंदर्यास बाधा आणल्याबद्दल रु. ५०० दंड.’ फ्लेक्स या शब्दाखाली दोन रेघा. आमच्या नेरूळच्या सोसायटीचं सौंदर्य म्हणजे गळक्या पाइपाखालची रंगाची बादली, मालक सापडत नसलेल्या दोन स्कूटर आणि गेल्या गणपतीचं मखर. त्याला मी बाधा आणली.

तो फ्लेक्स नव्हता, शीड होतं. इल्का ७ नावाच्या, एकट्याने चालवायच्या शर्यतीच्या होडीचं ७.०६ चौरस मीटरचं पांढरं शीड. मेअखेर हंगाम संपतो आणि पुढे चार महिने शीड घरात पडून राहतं, म्हणून शेवटची धुलाई नीट करावी लागते. मीठ कापडात राहिलं की ते हवेतली ओल ओढतं, बुरशी धरते, आणि मिठाचे बारीक खडे शिलाईच्या दोऱ्यावर कानशीसारखे घासत बसतात. आधी बॅटनच्या, म्हणजे शिडाला ताठ धरणाऱ्या पट्ट्या काढायच्या, नाहीतर त्यांचे खिसे ताणून उसवतात. मग नुसतं गोडं पाणी. मशीन नाही, इस्त्रीचं तर नाव नको. वाळवायचं सावलीत, कारण ऊन पॉलिएस्टरला खातं. आणि वाऱ्यावर फडफडू द्यायचं नाही. कापडाला आकार धरून ठेवणारी खळ असते, ती प्रत्येक फडफडीला तुटते आणि शिडाचं धोतर होतं. थोडक्यात सावली हवी, वारा नको, आणि पाच मीटरच्या वर लांबी मावायला हवी. टू-बीएचकेमध्ये पाच मीटर सरळ भिंत नसते. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी लोणावळ्याला. मग स्टिल्टमधल्या दोन खांबांना दोरी बांधली, शीड टाकलं आणि वर चहाला गेलो.

पंचवीस मिनिटांनी खाली येतो तर बी-विंगचे काका शीड मोजत होते. खरोखर, स्टीलच्या टेपने. काका एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काकांमधून निवृत्त झालेलं नाही. ते कमिटीवर आहेत आणि कमिटी साधारणपणे तेच आहेत.

“कोणाचा हा?”

“माझा. म्हणजे, माझं. शीड आहे काका.”

“उमेदवार कोण?”

“कसला उमेदवार?”

काकांनी टेपचं टोक शिडावरच्या अक्षरांना टेकवलं. “आय, एन, डी. निकालाच्या यादीत अपक्षापुढे हेच लिहितात. तीन निवडणुका मतमोजणीच्या टेबलावर काढल्यात मी. मला शिकवू नका.”

“इंडिया, काका. बाहेरच्या स्पर्धांना देशाची तीन अक्षरं शिडावर लावावी लागतात.”

“आणि हा मोबाइल नंबर? चार आकडे कमी आहेत.”

“तो होडीचा नंबर. जगात या जातीच्या दोन लाखांच्या वर होड्या निघाल्यात.”

“दोन लाख!” काका हादरले. “आणि पार्किंग?”

मी सांगितलं, की होडी ४.२३ मीटरची, नुसतं अंग ५९ किलोच्या आसपास, दोघं मिळून उचलतात. त्यांनी लांबी मनातल्या मनात स्टिल्टमधल्या एका चौकोनाशी ताडून पाहिली हे मला दिसलं. मग त्यांची नजर शिडाच्या खालच्या भागातल्या पारदर्शक खिडकीवर गेली.

“हे भोक कशाला?”

“पलीकडून येणारी होडी दिसायला.”

“म्हणजे धडका होतात.”

“होतात. पण नियम आहेत.”

नियम हा शब्द ऐकून काकांनी टेप सर्रकन आत सोडला. इतका वेळ ते मला ‘तुम्ही’ म्हणत होते, आता ‘अरे’वर आले. “सांग बरं.”

आता शर्यतीचा नियम १० स्टिल्टमध्ये उभं राहून कसा सांगायचा? मी स्कूटरी सरकवल्या. वारा उजव्या अंगाने येत असेल ती होडी स्टारबोर्ड टॅकवर, तिला वाट मिळते. वारा डाव्या अंगाने येत असेल तिने बाजूला व्हायचं. दोघींना एकाच अंगाने वारा असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या होडीने दूर राहायचं. एक मागे, एक पुढे असेल तर मागच्या होडीने. एवढं पाठ झालं की पाण्यावरची निम्मी भांडणं कळतात. उरलेली निम्मी बोयापाशी, म्हणजे वळण घ्यायच्या तरंगत्या खुणेपाशी होतात, कारण तिथे तीन होड्यांच्या लांबीइतक्या वर्तुळात आत कोण आधी शिरलं याचे साक्षीदार तेवढे जबाब.

“आणि डाव्याने वाट नाही दिली तर?”

“त्याने लगेच बाजूला जाऊन होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. एकाच दिशेने. बोयाला नुसता धक्का लागला तर एक.”

“कोण सांगतो घ्यायला?”

“कोणी नाही. ज्याची चूक त्याने.”

काका गप्प झाले. वरून कोणाच्यातरी एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं. “कोणी बघितलं नाही तरी?”

“तरी.”

“आणि घेतात लोक?”

इथे मी थोडी थाप मारली. “घेतात,” म्हणालो. सगळे घेत नाहीत, पण बरेच घेतात. आणि माझ्या डोळ्यांपुढे रविवारची सकाळ आली. गेटमधून ‘आउट’ लिहिलेल्या बाजूने ‘इन’ होणारी काकांची पांढरी गाडी, वॉचमनची शिट्टी, आणि मग मखराला वळसा घालून काका निमूटपणे दोन गिरक्या घेताहेत. त्या चित्रावर मी अजून आठवडाभर जगू शकतो.

“वारा पडला तर वल्ही मारायची ना?”

“नाही. शीड पंख्यासारखं हलवायचं नाही, होडी डोलवायची नाही, सुकाणू वल्ह्यासारखं मारायचं नाही. नियम ४२. हलायचंच नाही जवळजवळ.”

“आमच्या खात्यात पस्तीस वर्षं हाच नियम होता,” काका म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की मला वाटलं प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये नोटीस.

मंगळवारी रात्री नऊ वाजता सोसायटीच्या ऑफिसात ‘म्हणणं मांडायला’ बोलावलं. शर्यतीत हरकत घ्यायची तर पहिल्या शक्य क्षणी ‘प्रोटेस्ट’ म्हणून समोरच्याला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. होडी सहा मीटर किंवा जास्त लांब असेल तर लाल झेंडाही दाखवावा लागतो. मग ठरलेल्या मुदतीत लेखी. सुनावणीला दोन्ही बाजू समोरासमोर, दोघांना साक्षीदार आणता येतात, एकमेकांना प्रश्न विचारता येतात, आणि ज्याचा निकालात स्वार्थ आहे तो कमिटीत बसत नाही. प्लास्टिकच्या होड्या टेबलावर सरकवत रात्री दहापर्यंत वाद चालतात आणि नंतर तीच माणसं एका टेबलावर चहा घेतात. आमच्याकडे तक्रारदार काका, पुरावा काकांच्या फोनमधला फोटो, पंच काका, पावतीपुस्तकही काकांच्याच मांडीवर. मी आणलेला बचाव म्हणजे बॅटनची एक पट्टी. ती बघून खजिनदार म्हणाले, “ही ब्लाइंड्सची का?”

दंड कायम झाला. त्याला दोन मिनिटं लागली. पुढचा पाऊण तास काकांनी माझ्याकडून शिडाच्या जगातल्या भानगडी काढून घेतल्या. सुरुवात साध्या प्रश्नाने झाली. “एवढं करून मिळतं काय?”

मी सगळ्यात मोठ्या बक्षिसाचं सांगितलं, अमेरिकाज कप. १८४८ साली लंडनमध्ये घडवलेला चांदीचा उंच तांब्या. १८५१ मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या होडीने आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटाला फेरी मारून तो जिंकला म्हणून हे नाव. त्याला तळ नाही, वरून ओतलेलं खालून जातं.

“बिनबुडाचा तांब्या?”

“हो.”

“आणि भांडताहेत किती वर्षं?”

पावणेदोनशे होत आलीत. पहिली १३२ वर्षं तो न्यूयॉर्कच्या क्लबाने सोडलाच नाही. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ आली, तिच्या कण्याला पाण्याखाली पंख होते. होडी पाण्याबाहेर काढली की ऑस्ट्रेलियन लोक खालून कापडाचा झगा बांधायचे, कोणी बघू नये म्हणून. न्यूयॉर्कवाल्यांनी तो कणा बाद ठरवायचा आटोकाट प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ३-१ ने पुढे असूनही ४-३ ने हरले. काकांनी खजिनदारांकडे अर्थपूर्ण पाहिलं. “म्हणजे त्यांनीही कापड लावलं होतं. परवानगी होती का?”

१९८८ ची भानगड त्यांना सगळ्यात आवडली. न्यूझीलंडने पाण्यालगत ९० फूट लांबीची अगडबंब होडी बांधून आव्हान दिलं. तेव्हा कप ज्यांच्याकडे होता ते अमेरिकेतले सॅन दिएगोवाले चिडले आणि दोन अंगांची चपळ कॅटमरान घेऊन उतरले. हत्ती विरुद्ध मांजर. शर्यत २-० अशी एकतर्फी झाली आणि खरा सामना न्यूयॉर्कच्या कोर्टात रंगला. खालच्या कोर्टाने कप न्यूझीलंडला दिला, वरच्याने काढून घेतला, शेवटचा निकाल १९९० मध्ये सॅन दिएगोच्या बाजूने लागला. “दोनच वर्षांत निकाल?” काका म्हणाले. “आपल्याकडे कन्व्हेयन्सला...” आणि ते वाक्य त्यांनी सोडून दिलं.

मग २०१३, सॅन फ्रान्सिस्को. न्यूझीलंड ८-१ ने पुढे, एक शर्यत हवी, आणि ओरॅकल या अमेरिकन संघाने सलग आठ जिंकून ९-८ केलं. त्यांचे दोन गुण तर आधीच्या स्पर्धेतल्या होड्यांमध्ये गुपचूप फेरफार केल्याबद्दल सुरुवातीलाच कापले होते. २०२४ मध्ये बार्सिलोनात ब्रिटिश ७-२ ने हरले, आणि पुरते तीन-चार महिने झाले नाहीत तोच त्यांचा कर्णधार बेन एन्सली आणि पैसा लावणारे जिम रॅटक्लिफ वेगळे झाले. पुढचा कप २०२७ मध्ये नेपल्सला. माझं मत विचाराल तर ताशी ८०-९० किलोमीटरने पाण्याच्या वरून उडणाऱ्या या होड्यांमध्ये शिडापेक्षा हायड्रॉलिक्सच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणाच जास्त आहे. २०१७ मध्ये बर्म्युडाला न्यूझीलंडवाल्यांनी तर चौघांना सायकलच्या पेडलवर बसवून त्या यंत्रणेचा दाब तयार केला आणि कप नेला. मजा येते बघायला. पण त्याला सेलिंग म्हणताना जीभ थोडी अडखळते.

“आणि तुझी ती इल्का?”

तिचंही भांडण झालं. २०१९ पर्यंत तिचं नाव लेझर होतं. होडी बांधणारा बिल्डर आणि क्लास असोसिएशन, म्हणजे या जातीच्या होडीवाल्यांची संघटना, यांचं फाटलं, नावाचा हक्क असोसिएशनकडे नव्हता, मग होडी तीच ठेवून नावच बदललं.

“बिल्डर!” काका आणि खजिनदार एकदम म्हणाले. पाच मिनिटं मला कोणी काही विचारलं नाही, ते आपसातच बोलत होते.

शेवटी अपेक्षित प्रश्न आला. “आपल्यातलं कोणी आहे का यात?” आहे की. दिलीप दोंदे, नौदलातले. २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या होडीतून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून परत आले, असं करणारे पहिले भारतीय. काकांचा पुढचा प्रश्न: “दोंदे म्हणजे कुठले?” विष्णू सरवणन, लष्करातला, याच जातीच्या होडीत हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेऊन आला, टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिक खेळला. “याच कापडावर?” याच कापडावर.

इथे मला खरं तर अभिमान वाटायला हवा होता, पण राग आला. माझ्या बाल्कनीतून खाडी दिसते. दुपारी शाळेतल्या भूगोलातला खारा वारा सुटतो, मस्त दहा-बारा नॉटचा, आणि त्या पाण्यावर एक शीड नसतं. होडी पाण्यात सोडायला काय लागतं? पाण्यात उतरत जाणारा उतार, गोड्या पाण्याचा एक नळ, डोलकाठ्या ठेवायला शेड. जेट्ट्या आहेत, पण त्या लाँचला लागायला उंच बांधलेल्या. उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरच्या वर खाली-वर होतं. ओहोटीला जेट्टीच्या टोकाशी गुडघाभर चिखल आणि त्यात फ्लेमिंगो. फ्लेमिंगोंबद्दल तक्रार नाही, ते आमच्याआधीपासून इथे आहेत. पण दर रविवारी पहाटे हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून टॅक्सी, तीन तास वाऱ्यात, आणि तेच अंतर ओल्या पिशवीसह परत, तेही समुद्राला खेटून वसवलेल्या शहरात राहून! लोकलमध्ये त्या पिशवीबद्दल कोण काय बोललं ते लिहीत नाही. घरातली माणसं हे वाचतात.

पैसे भरले. पावतीवर ‘फ्लेक्स (१ नग)’ असं आहे. मी ‘शीड’ लिहा म्हणालो तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ते हेड नाही म्हणे.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात प्रसादाची वाटी, चेहऱ्यावर संकोच. “शनिवारी गच्चीवर सत्यनारायण आहे. मंडपवाला चार हजार सांगतो. तुझं ते सात मीटरचं कापड मिळेल का, भटजींच्या डोक्यावर बांधायला?”

मी शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. ऊन लागलं की पॉलिएस्टर कुजतं, फडफडलं की खळ तुटते, म्हणून तर स्टिल्टमध्ये सावलीत, आडोशाला वाळत घातलं होतं.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मग होडीवर काय आडोशाला लावतोस?”