पत्रा वाकला म्हणून रेल फसली?

पुलाच्या तोंडाशी चेपलेल्या गार्डरेलचा (रस्त्याकडेला खांबांवर बसवलेल्या, गाड्या अडवणाऱ्या लोखंडी पत्र्याचा) एक फोटो आणि त्याखालचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. म्हणणं थोडक्यात असं: पत्रा वाकला म्हणजे माल हलका, रेलची चाचणी झालेली, पुलाच्या कठड्याचीही झालेली, मग दोन्ही जोडल्यावर पुन्हा गाड्या आपटणं म्हणजे पैशाचा चुराडा, आपटायचीच तर जड गाडी आपटा, ती अडली की लहान अडणारच, आणि तसंही चाचणीच्या मैदानावरचं खऱ्या रस्त्यावर लागू होत नाही. यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे तीन चुकीचे आहेत.

वाकण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. ही रेल वाकण्यासाठीच बनवलेली असते. अशा रेलवर गाड्या आपटून चाचणी कशी घ्यायची ते सांगणाऱ्या अमेरिकेतल्या 'मॅश' नियमावलीच्या (2009, सुधारित आवृत्ती 2016) नेहमीच्या चाचणीत 2,270 किलोचा पिकअप ताशी 100 किमी वेगाने, 25 अंशांच्या कोनात रेलवर सोडतात. रेलच्या काटकोनात येणाऱ्या वेगापुरतीच ऊर्जा मोजली तरी ती 156 किलोज्यूलच्या घरात जाते. ती कुठेतरी जिरायला हवी. पत्रा ताणला जातो, खांब मातीत मागे कलतात, गाडीचं नाक चेपतं. यात जितकं कमी जिरेल, तितका धक्का आतल्या माणसांच्या वाट्याला. बरं, त्या फोटोत गाडी दिसतच नाही. ती रेलला घासत पुढे सरकून थांबली की जागीच उलटली, हे नुसत्या चेपलेल्या पत्र्यावरून कसं ठरवणार?

खरी गोम दुसऱ्या मुद्द्यात आहे. 'रेल पास, कठडा पास, म्हणजे जोडही पास' हे गणित कागदावर अगदी बरोबर वाटतं. पण वर सांगितलेल्या धडकेत रेल मीटरभर मागे जाऊ शकते आणि काँक्रीटचा कठडा जवळपास जागचा हलत नाही. आता गाडी पुलाच्या थोडी अलीकडे रेलवर आदळली असं धरा. पत्र्याला खोलगट झोळ पडतो, गाडी त्या झोळात घसरत पुढे येते आणि समोर उभं असतं कठड्याचं टोक. चाक किंवा बॉनेटचा कोपरा तिथे अडकला की वळून पुढे जायची गाडी थेट भिंतीवर आपटल्यासारखी थांबते. रेल निर्दोष, कठडा निर्दोष, आणि तरीही अपघात जीवघेणा.

म्हणून मधला टप्पा हळूहळू कडक करत नेतात. एरवी 1,905 मिमी अंतरावर असलेले खांब आधी निम्म्या, मग पाव अंतरावर येतात. दोन वळ्यांच्या पत्र्याच्या जागी तीन वळ्यांचा येतो, कठड्याजवळ तोही दुहेरी. पण यातून एक नवी नाजूक जागा तयार होते: हा कडकपणा जिथे सुरू होतो ती. त्यामुळे जोडाची चाचणी एका धडकेत आटोपत नाही. कठड्याजवळ एकदा, दोनाचा पत्रा तीनाला मिळतो तिथे पुन्हा. धडकेचा बिंदूही सोयीचा निवडत नाहीत. गाडी सर्वांत वाईट अडकेल तो बिंदू संगणकावर शोधून काढतात.

आता लहान गाडी. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचणी केंद्रात अशाच एका जोडाखाली सुमारे 100 मिमी उंचीचा कर्ब (रस्त्याच्या कडेचा उंच काठ) ठेवून 1,100 किलोची गाडी आपटली, तेव्हा पत्रा फाटला. लहान गाडीनेच फाडला! त्या जागेच्या अलीकडचा साधारण 3.8 मीटर पत्रा दुहेरी केल्यावर मग लहान गाडी आणि पिकअप, दोन्ही चाचण्या पार पडल्या. जड पिकअप पत्र्याच्या तोंडावर रेटा देतो, लहान गाडीचं बुटकं नाक पत्र्याखाली घुसू पाहतं. दोघांचे हल्ले वेगळे. युरोपच्या ईएन 1317 मानकातही 13 टनांची बस अडवणाऱ्या एच-2 दर्जाच्या रेलला 900 किलोच्या गाडीची चाचणी द्यावीच लागते. नुसतं अडवून भागत नाही, अडवताना आतला माणूस वाचला पाहिजे. मॅशमध्ये आतला माणूस गाडीच्या अंतर्भागावर किती वेगाने आदळेल तेही काढतात. ती मर्यादा सेकंदाला 12.2 मीटर.

राहिला मैदान आणि रस्ता यांतला फरक. तो आहेच. चाचणीत जमीन सपाट असते, माती ठोकून घट्ट केलेली असते. पुलाच्या तोंडाशी मात्र भराव खचतो, बाजूला लगेच उतार लागतो, पाण्याच्या नाल्यामुळे नेमका एखादा खांब रोवता येत नाही. पण यावरून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. चाचणी झाली ती त्या खांबांसकट, त्या अंतरांसकट, त्या मातीसकट. नाल्यासाठी एक खांब वगळला की रस्त्यावर उभी राहते ती वेगळीच रेल, आणि तिच्यावर अजून कुणी गाडी आपटून पाहिलेली नसते.