गिसार, लसूण आणि गालिसियनची 'खिचडी'

परत तीच पोस्ट फिरतेय. म्हणे गालिसियन (स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या, पोर्तुगालला लागून असलेल्या गालिसियाची भाषा) ही वेगळी भाषाच नाही, स्पॅनिश आणि पोर्तुगीजची खिचडी आहे, आणि पुरावा काय तर 'गिसार' हे स्वयंपाकाचं क्रियापद तिन्हीकडे सेम, म्हणजे गालिसियनने ते स्पॅनिशकडून उचललं!

उचललं कशावरून? गिसार आलंय 'गिसा'वरून, म्हणजे रीत, आणि तो शब्द मूळचा जर्मॅनिक, इंग्लिश 'लाइकवाइज'मधलं 'वाइज' त्याचंच भावंड. आधी गिसार म्हणजे नुसतं तयारी करणं, नीट मांडणं, चुलीवर ते नंतर चढलं. आजीची पातेली तिन्ही नातींकडे सापडली म्हणून एकीने दुसरीची ढापली असं होतं का?

आता खिचडी. तेराव्या शतकात आल्फोन्सो दहावा, कास्तीलचा म्हणजे स्पॅनिश जिथली त्याच राज्याचा राजा, त्याच्या दरबारात मेरीमातेची कवनं रचली गेली ती गालिसियन-पोर्तुगीजमध्ये. तेव्हा गालिसियन आणि पोर्तुगीज ही एकच भाषा होती, चुली वेगळ्या झाल्या नंतर.

आणि गिसारच करून बघा ना. तेलात कांदा-लसूण परतायचा, मटण टाकून रंग येऊ द्यायचा, मग थोडं पाणी, झाकण, मंद आच. यात लसूण स्पॅनिशमध्ये 'आहो', पोर्तुगीजमध्ये 'आल्यु', गालिसियनमध्ये 'आल्यो'. (विंदालूतला 'आलू' हाच बरं का, विंदालू ज्यावरून आलं त्या पोर्तुगीज 'विन्या-दाल्युश'मधला लसूण, बटाटा नाही, पण ते भांडण वेगळं.) रस्सा उकळणं स्पॅनिशमध्ये 'एर्बीर', बाकी दोघींकडे सुरुवातीचा लॅटिन फ अजून शाबूत, 'फेर्वेर'. स्पॅनिशचीच नक्कल असती तर हा फ कुठून आला सांगा!

"अर्थही सगळीकडे एकच" हे पण चूक. कॅनरी बेटांवर, तिथेही स्पॅनिशच बोलतात, 'पापास गिसादास' मागवा, साधे उकडलेले बटाटे येतील, कांदा नाही लसूण नाही.

राहिला वाटाणा. स्पॅनिश 'गिसांते' हा गिसारवरून आला असंही त्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. नाही हो, मूळ लॅटिन 'पिसुम', गिसारची सावली पडून त्याचं रूप तेवढं बदललं. आणि पोर्तुगीजमध्ये वाटाणा 'एर्विल्या', गालिसियनमध्ये 'एर्वेल्या', म्हणजे ज्याला पुरावा म्हणून आणलं तोही उलटाच फुटला.