"16 टक्क्यांवर व्याज बेकायदा, कार्डाचं बिल भरू नका" म्हणे!

आठवडाभर न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या तीन मराठी ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, काल तर मावशीने पुण्याहून पाठवला, "तुमच्याकडचं आहे बघ" म्हणून. मेसेज असा की न्यू यॉर्कात 16 टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा, 25 च्या वर तर फौजदारी गुन्हा, तुमचं कार्ड 27-28 टक्के लावतं म्हणजे कर्जच रद्द, 2024 ला सुप्रीम कोर्टानेही राज्याचा कायदा बँकांना लागू असं सांगितलंय, तेव्हा बँकेला लेटर टाका आणि बिल भरणं बंद करा.

आता एकेक घेऊ.

16 आणि 25 हे आकडे खरे आहेत हं, म्हणूनच मेसेज पटतो. पण ते कार्ड देणाऱ्या नॅशनल बँकेला, म्हणजे केंद्राकडून परवाना घेतलेल्या बँकेला, लागू होत नाहीत. नॅशनल बँका चालतात 1864 च्या नॅशनल बँक अ‍ॅक्टवर, लिंकनच्या काळातला कायदा, आणि त्यात लिहिलंय की बँक ज्या राज्यात आहे त्या राज्याचा व्याजदर तिला लावता येतो. गिऱ्हाईक कुठं राहतं ते नाही, बँक कुठं आहे ते! ह्या एका गोष्टीवर सगळा खेळ आहे.

ह्याचा निकाल लागला 1978 मधे, मार्क्वेट केसमधे. नेब्रास्कातल्या ओमाहाची एक बँक मिनेसोटातल्या लोकांना कार्डं द्यायची. मिनेसोटात मर्यादा 12 टक्के, नेब्रास्कात 999.99 डॉलरपर्यंत 18. गंमत म्हणजे कोर्टात गिऱ्हाईक नव्हतं गेलं, मिनियापोलिसची मार्क्वेट नावाची दुसरी बँक गेली, कारण 12 टक्क्यांत भागत नाही म्हणून ती कार्डावर वार्षिक फी घ्यायची आणि ओमाहावाले फुकट कार्ड वाटत तिची गिऱ्हाइकं पळवत होते. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, ओमाहाची बँक नेब्रास्काचाच दर लावणार, मिनेसोटाला काय वाटतं ते नंतर. मग काय, त्या वेळी महागाई जोरात, न्यू यॉर्कच्या मर्यादेत सिटीबँकेचा कार्डाचा धंदा तोट्यात, तिकडे साउथ डकोटाने व्याजाची मर्यादाच काढून टाकली, आणि 1981 मधे सिटीबँकेने अख्खा कार्डाचा कारभार उचलून तिथल्या सू फॉल्सला नेला. त्याच वर्षी डेलावेअरनेही दारं उघडली. तुमच्या कार्डाच्या कागदांवर सू फॉल्स नाहीतर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचा पत्ता बरेचदा का दिसतो, ते हे असं. (लेट फीचंही तसंच, ती पण व्याजातच धरायची असं 1996 ला ठरलं.)

"पण माझी बँक नॅशनल नाही, मग?" तरी फरक पडत नाही. 1980 मधे अमेरिकन काँग्रेसने एफडीआयसीचा (म्हणजे ठेवींचा केंद्रीय) विमा असलेल्या, राज्याचा परवाना घेतलेल्या बँकांनाही तीच सवलत दिली. राज्याला त्यातून बाहेर पडता येतं, आयोवा पडलंय, कोलोराडोने 2023 मधे कायदा केला आणि त्यावर कोर्टबाजी झाली. न्यू यॉर्क त्यात नाही.

2024 चा निकाल म्हणजे कँटेरो केस. मेसेज लिहिणाऱ्याने एकतर तो वाचला नाही किंवा वाचून लपवला. तो कार्डाच्या व्याजाचा नाहीच! घराच्या कर्जात टॅक्स आणि इन्शुरन्ससाठी एस्क्रोमधे आपले पैसे पडून असतात ना, त्यावर बँकेने आपल्याला किमान 2 टक्के द्यावेत असा न्यू यॉर्कचा कायदा, त्याबद्दलचा. तिथेही कोर्टाने गिऱ्हाईक जिंकलं असं म्हटलं नाही, खालच्या कोर्टाने तपासणी नीट केली नाही, ती पुन्हा करा, एवढंच. आणि 2010 च्या डॉड-फ्रँक ह्या केंद्राच्या बँक-सुधारणा कायद्यामधे, जिथे राज्यांना बँकांवर थोडी जास्त पकड दिली, तिथेच व्याजदराच्या जुन्या सवलतीला हात लावणार नाही असं वेगळं लिहून ठेवलंय.

मेसेजमधे खऱ्याचा एकच कण असू शकतो, तो 2015 च्या मॅडन केसचा. बँकेने थकलेलं कर्ज वसुलीवाल्या कंपनीला विकलं, कंपनी 27 टक्के लावत राहिली, न्यू यॉर्कमधल्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की बँकेचं कवच कंपनीला मिळत नाही. पण 2020 मधे केंद्रातल्या नियामकांनी नियम काढला, कर्ज देताना दर कायदेशीर होता तर विकल्यावरही कायदेशीरच. आणि काही झालं तरी ती केस कर्ज विकत घेणाऱ्याबद्दल होती, बँकेबद्दल नाही.

मावशीचा प्रश्न, "आपल्याकडे असं नसतं ना?" असतं की! महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी कायदा सावकाराला आहे, बँकेच्या कर्जाला नाही, आणि बँकेचं व्याज फार जास्त आहे एवढ्यावरून कोर्टाने व्यवहार उकरू नये असं बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टच्या 21ए कलमात आहे.

28 टक्के म्हणजे लूट आहे हे मलाही मान्य, माझ्याच एका कार्डाला 27.99 आहे आणि दर महिन्याला ते बघून पोटात गोळा येतो. पण म्हणून बिल बंद केलंत तर लेट फी, मग 180 दिवसांनी चार्ज-ऑफ (म्हणजे बँक कर्ज बुडीत धरते), आणि तो डाग सात वर्षं क्रेडिट रिपोर्टवर. घर घ्यायचं असेल तर विसराच. खरंच मर्यादा हवी असेल तर फेडरल क्रेडिट युनियन (आपल्या सहकारी पतसंस्थेसारखी) बघा, तिथे केंद्राच्याच नियमाने 18 टक्क्यांच्या वर सहसा जाता येत नाही. मी उरलेला बॅलन्स तिकडे हलवतोय, पुढच्या आठवड्यात कागद द्यायचेत.