‘मला काही तरी होणार आहे’ असे कोणी म्हणाले तर

कोणाचाही आकस्मिक मृत्यू झाला की सांत्वनाला आलेल्या माणसांपैकी कोणी तरी हळूच म्हणते, "त्यांना आधीच कळले होते." मग आठवणी निघू लागतात. महत्त्वाची कागदपत्रे कोठे ठेवली आहेत ते त्यांनी आदल्याच दिवशी सांगितले होते, कित्येक वर्षे अबोला असलेल्या भावाला आपण होऊन फोन केला होता, बोलता बोलता मध्येच गप्प होऊन ते सगळ्यांकडे पाहत राहिले होते. गेलेला माणूस बेसावधपणे गेला नाही, त्याने जणू आपली निरवानिरव केली, या कल्पनेत घरच्यांना आधार वाटतो, आणि शोकात बुडालेल्या माणसाशी त्या क्षणी वाद घालू नये हे मलाही मान्य आहे. पण या कथा पुढे वर्षानुवर्षे सांगितल्या जातात आणि त्यांच्या गर्दीत एक अत्यंत खरी, उपयोगाची गोष्ट हरवते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आठवडाभर आधी लागलेली गूढ चाहूल मला पटत नाही. परंतु मृत्यू खरोखर जवळ आलेला असताना, काही मिनिटे किंवा काही तास आधी, "मी आता मरणार" अशी स्पष्ट जाणीव माणसाला होऊ शकते, हे वैद्यकशास्त्र फार पूर्वीपासून जाणते. या जाणिवेला ‘अँगर अनिमाय’ असे लॅटिन नाव आहे. मरणाची भीती आपल्या सर्वांनाच असते. येथे अभिप्रेत आहे ती, या क्षणी आपला जीव चालला आहे, अशी रुग्णाची पक्की खात्री. हृदयविकाराचा झटका, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, महाधमनीच्या भित्तिकेला गेलेली चीर, औषधाने किंवा कीटकदंशाने आलेली तीव्र ॲलर्जी अशा अनेक अवस्थांत ती आढळते. रक्त चढवताना रुग्ण अचानक म्हणाला की मला काही तरी भयंकर होणार आहे, तर ताप, कंबरदुखी किंवा थंडी दिसण्याची वाट न पाहता रक्त आधी बंद करावे, असे परिचारिकांना शिकवले जाते, कारण चुकीच्या गटाचे रक्त गेल्याची ती पहिली खूण असू शकते.

ही जाणीव शरीरातून येते, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा एका औषधात मिळतो. हृदयाची विशिष्ट प्रकारची अतिजलद धडधड थांबवण्यासाठी ॲडेनोसिन शिरेतून देतात. ते हृदयाचे विद्युत्‌वहन क्षणभर अडवते, आणि तेवढ्या काळात अनेक रुग्णांना आपण मरत आहोत असे वाटते. औषधाचा प्रभाव काही सेकंदांत ओसरतो आणि त्याबरोबर ती भावनाही ओसरते. म्हणूनच डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला तशी कल्पना देतात. दुसरे उदाहरण समुद्रातले आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर इरुकांजी नावाचा जेमतेम नखाएवढा जेलीफिश आढळतो. 1961 साली जॅक बार्न्स या डॉक्टरांनी स्वतःला, आपल्या लहान मुलाला आणि एका जीवरक्षकाला त्याचा डंख करून घेतला आणि तेथील एका गूढ आजाराचे कारण शोधून काढले. त्या डंखानंतर ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये शरीरात उसळतात, असह्य वेदना होतात आणि रुग्णाची आपण वाचत नाही अशी ठाम समजूत होते. प्रत्यक्षात उपचार मिळालेले बहुतेक सगळे वाचतात. अर्थात ही जाणीव भविष्य सांगत नाही. रक्तदाब, प्राणवायू, हृदयाची लय यांत मोठी उलथापालथ झाली की त्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत मेंदूला पोहोचते, आणि छातीत नेमके काय बिघडले आहे हे शब्दांत सांगता येण्याआधीच मन धोक्याचा निष्कर्ष काढून मोकळे होते.

आता आपण काय करतो ते पाहा. एखादा माणूस घामाघूम होऊन, पांढराफटक पडून म्हणतो, "माझे काही खरे नाही." त्यावर आपले ठरलेले उत्तर असते, "असे अभद्र बोलू नये." कोणी पाणी देते, कोणी पडून राहायला सांगते, कोणी पित्ताचे निदान करते. हे सारे प्रेमापोटी होते हे मी जाणतो, आणि तरीही मला ते फार धोक्याचे वाटते. छाती दुखते असे म्हणणाऱ्याकडे आपण लक्षण म्हणून पाहतो, आणि मरण येते आहे असे म्हणणाऱ्याची मात्र आपण समजूत काढू लागतो. स्त्रिया, मधुमेही आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर ही चूक आणखी महागात पडते, कारण त्यांच्या हृदयविकारात छातीत कळ येण्याऐवजी धाप, मळमळ, कमालीचा थकवा आणि जिवाची घालमेल एवढेच असू शकते.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात हृदय अचानक बंद पडलेल्या 35 ते 65 वयाच्या लोकांचा अभ्यास झाला होता, तो 2016 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्याविषयी माहिती मिळू शकली, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या लोकांना आधीच्या चार आठवड्यांत छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांसारखी लक्षणे जाणवली होती. त्यांपैकी जेमतेम एकपंचमांश लोकांनी हृदय बंद पडण्यापूर्वी तातडीची मदत मागितली. मागणाऱ्यांत जगण्याचे प्रमाण 32 टक्के होते आणि न मागणाऱ्यांत 6 टक्के. हे आकडे माझ्या मनातून जात नाहीत.

यावर कोणी म्हणेल की तीव्र चिंतेच्या झटक्यातही, म्हणजे पॅनिक अटॅकमध्येही, अगदी असेच वाटते. ते खरे आहे. तो झटका बहुधा दहा मिनिटांच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि ओसरतो, आणि ज्यांना तो वारंवार येतो त्यांना आपला अनुभव ओळखताही येऊ लागतो. मात्र पहिल्यांदाच असे झाले तर तो निवाडा घरात बसून करू नये. त्यासाठी ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी आहे. दोन्ही व्यवस्थित निघाले तर फार तर काही तास वाया गेले म्हणू.

पूर्वसूचनांवर विश्वास असणाऱ्यांना जॉन बार्कर या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांची गोष्ट ठाऊक असेल. 1966 साली वेल्समधील ॲबरफान येथे कोळशाच्या खाणीतील मलब्याचा डोंगर घसरून 144 जण दगावले, त्यांत 116 मुले होती. त्याची आगाऊ जाणीव झाल्याचे सांगणारे लोक पुढे आले, तेव्हा बार्कर यांनी 1967 साली एका वृत्तपत्राच्या साहाय्याने अशा सूचना घटनेपूर्वीच लिहून घेणारे कार्यालय सुरू केले. कल्पना प्रामाणिक होती. शेकडो भाकिते आली आणि खरी ठरल्याची नोंद फारच थोड्यांची झाली. त्यांच्याकडे भाकिते पाठवणाऱ्यांपैकी एकाने बार्कर यांनाच जिवाला धोका असल्याचे बजावले होते, आणि 1968 साली ते मेंदूतील रक्तस्रावाने वारले, हेही खरे. लोक हा शेवट सांगतात आणि बाकीची शेकडो पत्रे विसरतात. घरातही तेच घडते. कपाटाच्या किल्ल्या माणूस आयुष्यात अनेकदा दाखवतो. त्यानंतर मृत्यू आला नाही म्हणून ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

शिवाय या कथांची एक काळी बाजू आहे. "त्यांना कळले होते" या वाक्यामागोमाग "मग मला कसे कळले नाही?" हा प्रश्न येतो, आणि तो पत्नीला, मुलाला, रात्री शेवटचे बोललेल्या मित्राला वर्षानुवर्षे कुरतडतो. अशा माणसांना मी आवर्जून सांगतो की पुष्कळ आकस्मिक मृत्यू कसलीही वर्दी न देता येतात. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरू लागले की रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्या व्यक्तीला स्वतःलाच जे कळले नाही, ते तुम्हांला कळण्याची शक्यता नव्हती. त्यानंतर येणारे तुटक, घोरल्यासारखे आचके पाहून माणूस श्वास घेत आहे असे वाटते, पण तो खरा श्वास नव्हे. तेव्हा लगेच मदतीसाठी फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे असतात.

आणि गेलेली व्यक्ती तरुण असेल, तर आठवणींतल्या खुणा शोधण्यापेक्षा तिच्या आईवडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी व इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू जाड होणे), लाँग क्यूटी सिंड्रोम (हृदयाच्या विद्युत्‌लयीतील दोष) यांसारखे विकार आनुवंशिक असतात आणि त्यांवर औषधे व शरीरात बसवायचे डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेच्या धक्क्याने लय पूर्ववत करणारी उपकरणे, उपलब्ध आहेत. लयीचे काही विकार शवविच्छेदनात दिसतच नाहीत, त्यामुळे अहवालात कारण सापडले नाही असे लिहिलेले असले, तरी ही तपासणी टाळू नये.