पहिल्या आठवड्यात व्याख्या नकोत

आरोग्य विषमतेवरचा आमचा ऑनलाइन अभ्यासक्रम पहिल्या वर्षी पार फसला. तासातासाचे व्हिडिओ होते. आधी व्याख्या, मग निर्देशांक, मग योजना. सगळ्यांचे कॅमेरे बंद. शेवटी एका मुलीला विचारलं, "कॅमेरा का नाही लावत गं?" ती म्हणाली, "मॅडम, गच्चीवर बसलेय, इथंच रेंज येते. व्हिडिओ लावला की आवाज तुटतो. आणि घरात तिघांत दिवसाचा दीड जीबी."

यंदा सगळं मोडून नव्याने मांडलं. दहा-बारा मिनिटांचे ऑडिओ, सहा-सहा जणांचे व्हॉट्सअ‍ॅप गट, उत्तरं लिहून नाही तर बोलून पाठवायची. पण खरा फरक पडला तो पहिल्या दिवसाच्या एका आकड्याने. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. 2019 साली हे राज्य शासनाच्या समितीपुढे आलं. मुलांना काम एकच दिलं: का? उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा का?

पहिलं उत्तर ठरलेलं आलं, अज्ञान. मी खोडलं नाही, पुढे विचारत गेले. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. बाईला ती पटली कशी? अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, फडावर ना संडास ना न्हाणी. मग दोन दिवस विश्रांती का नाही? खाडा पडतो, मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार पैसे कापतो. खाडा का सोसत नाही? उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ मजुरी, आधीच खर्च झालेली, आणि ती घेतलेली नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी म्हणून. बाई बसली की कोयता अडला. उचल तरी का घ्यायची? दिवाळीनंतर गावात कामच नाही. अज्ञानापासून निघालेली मुलं कोरडवाहू जमिनीपर्यंत आणि साखर कारखान्याच्या गेटापर्यंत स्वतःच्या पायांनी पोचली. हे माझ्या कुठल्याच स्लाइडने झालं नसतं.

त्या रात्री गच्चीवरच्या त्याच मुलीचा तीन मिनिटांचा ऑडिओ आला. मागे कुत्रं भुंकत होतं. "माझ्या मावशीची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली. घरात सगळे म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. मीपण म्हणाले होते." सकाळपर्यंत तिच्या गटातल्या पाचही जणांनी आपापल्या घरातलं काहीतरी सांगितलं होतं.

मात्र नुसतं दुःख दाखवत राहिलं की मुलं गळतात, हेही पाहिलंय. म्हणून चौथ्या आठवड्यात गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला ऊब देणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन देणं हे त्या शिकल्या, आणि हजारी 62 असलेला नवजात मृत्युदर 25 वर आला. 1999 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मुलांनी मला विचारलं, हे आमच्या तालुक्यात कोण करतं? शोधायला पाठवलं. आशाताईंना भेटून आली.

आता माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या तुकडीत दहा जागा आशाताईंसाठी ठेवाव्यात, बिनफीच्या, आणि शिकवण्याच्या मानधनासह. निम्मा अभ्यासक्रम त्याच शिकवतील. विद्यापीठाला पत्र दिलंय. उत्तर आलं की इथेच कळवेन.