लाकडी बोटीत प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर बसवू नका

परवा रात्री हर्णैहून धाकट्या मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर घेतला. प्लास्टिकचा. ब्राँझपेक्षा बराच स्वस्त पडला." फिश फाइंडर म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र; ट्रान्सड्यूसर हा त्याचा बोटीच्या तळाला बसणारा भाग, तो पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला ऐकतो. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर व्हॉट्सॲपवरचा तोच मेसेज निघाला: 'डीलर तुम्हाला हे कधीच सांगणार नाही'. मला इथे भोसरीत तो दोन जणांनी पाठवला होता. बोटीशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही तो पुढे ढकललाय. मेहुण्याची बोट लाकडी आहे, पावसाळी मासेमारी बंदीसाठी वर ओढलेली आहे, आणि १ ऑगस्टच्या आत तळाला भोक पाडायचं त्याने ठरवलंय. म्हणून हे लिहितोय.

मेसेज म्हणतो, ब्राँझ म्हणजे नुसते पैसे काढायचे धंदे, लाकडी बोटीला प्लास्टिकच घ्या आणि नट पान्याने जाईल तेवढा आवळा. शिवाय ब्राँझने बोट गंजते, भोक नको असेल तर आतून चिकटवा, पंख्याजवळ बसवा, जास्त वॅटचा घ्या, भोक सिलिकॉनने बुजवा, असे सल्लेही त्यात आहेत.

लाकडी बोटीला प्लास्टिक आणि पान्याने आवळलेला नट, यातला प्रत्येक शब्द उलटा आहे. पावसाळ्यात वाड्याचा दरवाजा चौकटीत अडकतो, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. नुसत्या दमट हवेने एवढं होतं, तर चोवीस तास समुद्रात बुडालेल्या फळीचं काय होत असेल? दोन महिने वर ठेवलेली बोट पाण्यात गेली की फळ्या पाणी पितात आणि फुगतात. ट्रान्सड्यूसरची दांडी फळीतून आरपार जाते; बाहेरून त्याची कड, आतून नट, आणि मध्ये लाकूड. फळी जाडीत फुगली की कड आणि नट एकमेकांपासून दूर ढकलले जातात, भोकही दांडीला आवळतं. ब्राँझ हा ताण सोसतं. प्लास्टिक तडकतं. त्यात नट आधीच पान्याने आवळलेला असेल तर ताणाला जागाच उरत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. एअरमार ही अमेरिकेतली कंपनी ट्रान्सड्यूसरच बनवते. गार्मिन, फुरुनो अशा अनेक ब्रँडच्या यंत्रांबरोबर तिचाच माल येतो. तिच्या बसवणीच्या पत्रकात स्पष्ट बजावलंय: लाकडी तळात प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर कधीही बसवू नका. प्लास्टिकचा नट फक्त हाताने आवळायचा, आणि लाकडी तळात धातूचा नट आवळतानाही लाकूड फुगायला वाव ठेवायचा, हेही त्यातच आहे. ज्याने माल बनवला तोच नको म्हणतोय, आणि आपण नाव नसलेल्या मेसेजवर विश्वास ठेवतो!

तडकलं तर काय होईल, याचा हिशेब करून पाहा. नेहमीच्या ६०० वॅटच्या थ्रू-हल, म्हणजे तळातून आरपार बसणाऱ्या ट्रान्सड्यूसरला साधारण ५१ मिलिमीटरचं, म्हणजे दोन इंची भोक लागतं. ते पाण्याच्या पातळीखाली एक मीटर असेल आणि दांडी तुटून मोकळं झालं, तर मिनिटाला तीनशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. सोसायटीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी साडेतीन मिनिटांत भरेल. रात्रीची वेळ, जाळं पाण्यात, खलाशी झोपलेले, आणि भोक इंजिनखालच्या अंधारात. स्वस्त माल घेणाऱ्याने हे डोळ्यांसमोर आणावं.

'ब्राँझने बोट गंजते' हे वाक्य मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. तळ लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर खाऱ्या पाण्यात ब्राँझशेजारी तोच तळ खाल्ला जातो. तिथे प्लास्टिक घ्या, नाहीतर तळापासून नीट अलग केलेलं स्टेनलेस स्टील. फायबरच्या बोटीतही प्लास्टिक चालतं. पण हा नियम उचलून लाकडाला लावायचा कसा? फळी काही गंजत नाही.

'भोक नकोच, आतूनच चिकटवा' हाही असाच उसना सल्ला. भरीव फायबरमधून आवाज जातो, थोडी ताकद कमी होते, पण चालतं. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नाही, आणि लाकडी तळातून तर नाहीच.

'वायर वाचते म्हणून पंख्याजवळ', म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरजवळ, 'बसवा' म्हणे. आवाज हवेच्या बुडबुड्यांवर आपटून परत फिरतो आणि पंख्याजवळ बुडबुडेच बुडबुडे. पडद्यावर नुसता कचरा दिसेल. संथ चालणाऱ्या जड बोटीत जागा नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, पाणरेषेच्या (पाणी बोटीला जिथे टेकतं त्या रेषेच्या) लांबीच्या एक तृतीयांशावर, मधल्या कण्यापासून १५ ते ३० सेंटिमीटर बाजूला. उरलेली वायर कापू नका, गुंडाळून ठेवा.

जास्त वॅट म्हणजे जास्त मासे, हे खोल पाण्यात काही अंशी लागू पडतं. तीस मीटर पाण्यात आवाज खाली जाऊन परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. तिथे ६०० वॅट भरपूर झाले. फरक पडतो तो फ्रिक्वेन्सीने: ५० किलोहर्ट्झचा आवाजाचा झोत रुंद, २०० चा अरुंद आणि बारकावे दाखवणारा.

घरच्या नळाच्या सिलिकॉनने भोक बुजवायला सांगणाऱ्याला मी काय उत्तर देऊ? पाण्याखाली टिकणारं बोटीचंच सीलंट लागतं. आणि बोट उतरवली की लगेच आत उतरून बॅटरीने पाहायचं. बारीक गळती पटकन दिसत नाही, म्हणून पुन्हा तपासल्याशिवाय बोट तीन तासांपेक्षा जास्त पाण्यात सोडायची नाही. हेही त्याच पत्रकात आहे.

मेहुण्याचा ट्रान्सड्यूसर अजून खोक्यातच आहे. तो बदलून ब्राँझचा मिळतो का, हे तो उद्या दुकानात विचारणार आहे. शनिवारी मी स्वारगेटहून दापोलीची गाडी धरतोय. मी पोचेपर्यंत तळाला ड्रिल लावणार नाही, असा शब्द घेतलाय त्याच्याकडून.